एकाच शहरात तीन-तीन राजदूत कशाला? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युरोपियन युनियनवर एक छोटं टिपण होतं. त्यात जाता जाता एक ओळ लिहिली होती की ब्रसेल्समध्ये प्रत्येक सदस्य देशाचा युनियनसाठी म्हणून एक वेगळा राजदूत बसतो. त्या एका ओळीवरच इतकी पत्रं आलीत की बाकीचं टिपण कोणी वाचलं की नाही अशी शंका येतेय. असो, यावेळचं सदर त्याच ओळीला दिलंय.

प्रश्न : युनियन म्हणजे सगळे देश एकत्रच आहेत ना? मग घरातल्या घरात राजदूत कशाला? स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, नोट्समध्ये हे कुठेच नीट सापडत नाही.

नोट्समध्ये सापडणार नाही, कारण नोट्सवाले कमिशन, पार्लमेंट, कौन्सिल, कोर्ट असे चार चौकोन काढून मोकळे होतात आणि हे लोक त्या चौकोनांना जोडणाऱ्या बाणांमध्ये बसलेले असतात.

इटलीचंच घ्या. ब्रसेल्स ही बेल्जियमची राजधानी, युनियनची मुख्य ऑफिसंही तिथेच आणि नाटोचं मुख्यालयही तिथेच, त्यामुळे इटलीचे त्या एका शहरात तीन राजदूत असतात. एक बेल्जियमसाठी, एक नाटोसाठी आणि एक युनियनसाठी. या तिसऱ्याचं अधिकृत नाव पर्मनंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे कायमचा प्रतिनिधी, आणि तिथे सगळे त्याला सरळ पर्मरेप म्हणतात.

आता त्याचं ऑफिस नेहमीच्या दूतावासासारखं नसतं. व्हिसाची रांग नाही, सांस्कृतिक कार्यक्रम नाहीत, आणि गंमत म्हणजे तिथली बरीचशी माणसं परराष्ट्र खात्याचीसुद्धा नसतात. शेती खात्यानं पाठवलेला माणूस, अर्थखात्याचे दोनचार, वाहतूक, पर्यावरण, औषधं, पोलीस, मासेमारी, ज्याच्या त्याच्या खात्याचा आपापला अटॅशे. म्हणजे आख्खं मंत्रालय लहान करून एका इमारतीत बसवलंय असं समजा. कित्येक सदस्य देशांचं परदेशातलं सगळ्यात मोठं ऑफिस हेच असतं.

आणि घरातल्या घरात का, तर घर एक असलं तरी वाटण्या रोज चालू असतात म्हणून. नेहमीच्या राजदूतानं एखादा करार केला तर तो घरी जातो, संसदेत जातो, वर्षानुवर्षं पडूनही राहतो. ब्रसेल्सला तसं नाही. तिथे जे रेग्युलेशन पास होतं ते सत्तावीसही देशांत थेट कायदा म्हणून लागू होतं, देशाच्या संसदेनं परत पास करायची गरजच नाही. डिरेक्टिव्ह असेल तर ते देशाच्या कायद्यात उतरवावं लागतं, पण उतरवणं सक्तीचं. त्यामुळे या राजदूताचं काम नावाला परराष्ट्र धोरण, प्रत्यक्षात ते दूध, डिझेल, बँका आणि बिनतारी लहरी असल्या अगदी घरच्या गोष्टींचं धोरण असतं, फक्त परगावी बसून केलेलं.

प्रश्न : पण निर्णय तर मंत्री घेतात. टीव्हीवर मंत्रीच दिसतात. मग हे राजदूत नक्की करतात काय?

मंत्र्यांच्या पुढ्यात पान वाढून ठेवायचं काम करतात, आणि पानात काय वाढायचं तेही बऱ्यापैकी तेच ठरवतात.

जरा क्रमानं सांगतो. कायद्याचा मसुदा मांडायचा हक्क जवळजवळ सगळ्या बाबतीत कमिशनला, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाला. मसुदा आला की तो दोन रस्त्यांनी जातो, एक पार्लमेंटकडे आणि दुसरा कौन्सिलकडे. कौन्सिल म्हणजे सदस्य देशांच्या सरकारांची सभा, आणि विषयाप्रमाणे तिचे दहा अवतार आहेत, शेतीचं असेल तर शेतीमंत्री बसतात, पैशाचं असेल तर अर्थमंत्री. (देशांच्या प्रमुखांची ती युरोपियन कौन्सिल वेगळी आणि स्ट्रासबर्गची कौन्सिल ऑफ युरोप तर युनियनचीच नाही, ही नावं ज्यानं ठेवली त्याला परीक्षेला बसवलं पाहिजे.)

पण मसुदा थेट मंत्र्यांकडे जात नाही. आधी तो वर्किंग पार्टीत जातो. अशा दीडशेच्यावर वर्किंग पार्ट्या आणि समित्या आहेत, आणि तिथे ते अटॅशे लोक ओळीओळीवर बसतात. तिथे जेवढं सुटलं तेवढं सुटलं, उरलेलं वर जातं कोरेपरकडे. कोरेपर म्हणजे या सगळ्या पर्मरेप मंडळींची समिती, १९५८ पासून चालू आहे, दर आठवड्याला बसते. तिचे दोन भाग. कोरेपर दोनमध्ये खुद्द राजदूत, त्यांच्याकडे परराष्ट्र, अर्थ, गृह आणि न्याय असे वजनदार विषय. कोरेपर एकमध्ये उपराजदूत, त्यांच्याकडे पर्यावरण, वाहतूक, ऊर्जा, मासेमारी, अंतर्गत बाजार. हो, एक नंबरवाले ज्युनियर आणि दोन नंबरवाले सीनियर, उलटं वाटलं तरी तसंच आहे. बहुतेक कायदे मात्र कोरेपर एकमधूनच जातात, म्हणून ज्युनियर म्हणून हिणवू नका.

कोरेपरच्या अजेंड्यावर प्रत्येक विषयापुढे रोमन एक किंवा रोमन दोन लिहिलेलं असतं. एक म्हणजे खाली ठरलंय, बोलायची गरज नाही. दोन म्हणजे बोलायचंय. मंत्र्यांच्या सभेतही तसंच, ए आणि बी. ए म्हणजे राजदूतांनी मिटवलेलं, चर्चा न करता मंजूर. आणि हे ए वाले विषय कुठल्याही मंत्र्यांच्या सभेत मंजूर करता येतात, त्यामुळे शिक्षणमंत्री जमलेत आणि त्यांनी माशांबद्दलच्या नियमावर मोहोर उमटवली असं खरोखर होऊ शकतं. त्यांना मासा माहीत असायची गरज नाही, तो खाली साफ करून आलेला असतो.

राष्ट्रीय हित सांभाळणं म्हणजे टेबलावर मूठ आपटणं असं आपल्याला वाटतं ना, प्रत्यक्षात ते असलं असतं की मसुद्यात 'करावं' असेल तिथे 'करता येईल' करून घ्यायचं, दोन वर्षांची मुदत चारवर न्यायची, एका जोडपत्रात आपल्या उद्योगाला लागणारा एक अपवाद घुसवायचा. आणि हे जितकं लवकर कराल तितकं स्वस्त पडतं. चांगला अटॅशे मसुदा बाहेर यायच्या आधीच कमिशनमधल्या लिहिणाऱ्या माणसाला भेटून आलेला असतो, कारण कागद अजून कच्चा असतो तेव्हा एक शब्द बदलायला एक कॉफी लागते, आणि तोच शब्द सत्तावीस देशांसमोर गेल्यावर बदलायचा तर सौदा करावा लागतो. कोणी बिनसहीचा, बिनशिक्क्याचा कागद फिरवतो, त्याला तिथे नॉन-पेपर म्हणतात, म्हणजे कागद आहेही आणि नाहीही, अंगाशी आलं तर नाही.

अडलंच तर कौन्सिलचं अध्यक्षपद ज्या देशाकडे असतं तो एकेका शिष्टमंडळाला बाजूला घेऊन विचारतो, बाबा रे, खरं सांग, तुझी खरी अट कुठली आणि दाखवायची कुठली. याला तिथे कन्फेशनल म्हणतात, चर्चमधल्या कबुलीजबाबावरून. शिवाय राजदूतांची जेवणं असतात, त्या जेवणाला टिपणं घेणारे आत नसतात, आणि सगळ्यात अवघड गाठी तिथेच सुटतात असं या क्षेत्रातले लोक सांगतात.

आणि हो, राजदूतांच्या उजव्या हातांचाही एक गट असतो. कोरेपर दोनसाठी आंतिची गट, पाओलो आंतिची नावाच्या इटालियन मुत्सद्द्यावरून, १९७५ पासूनचा. कोरेपर एकसाठी मेर्टेन्स गट, तो १९९३ चा, बेल्जियन माणसाच्या नावाचा. हे लोक आदल्या दिवशी बसून उद्या कोण कुठल्या मुद्द्यावर तोंड उघडणार ते बघून ठेवतात. शिखर परिषदेत आत फक्त नेतेच असायचे तेव्हा कौन्सिलचा एक अधिकारी थोड्या थोड्या वेळानं बाहेर येऊन आत काय झालं ते या आंतिची मंडळींना तोंडी सांगायचा, ते भराभर लिहून घ्यायचे आणि आपापल्या राजधानीला कळवायचे. शिखर परिषदेतलं सगळ्या देशांना कळायचं ते असं, ऐकीव.

प्रश्न : व्हेटो आहे ना? मग एवढी धावपळ कशाला, नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं!

अहो, तोच तर घोळ आहे, बहुतेक विषयांत व्हेटो नाहीच.

परराष्ट्र धोरण, करआकारणी, नवा सदस्य घेणं, असल्या मोजक्या गोष्टींत एकमत लागतं. बाकी क्वालिफाइड मेजॉरिटी. नोव्हेंबर २०१४ पासूनचा हिशोब असा की ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, हो म्हणायला हवेत आणि त्या देशांत मिळून युनियनच्या ६५ टक्के लोकसंख्येची वस्ती हवी. अडवायचं असेल तर कमीत कमी चार देश हवेत आणि त्यांची लोकसंख्या ३५ टक्क्यांच्या वर हवी. चारची अट मुद्दाम घातलीय, कारण जर्मनी, फ्रान्स, इटली हे तिघंच ३५ टक्के सहज ओलांडतात, मग तीन मोठ्यांनी मिळून सगळ्यांना वेठीला धरलं असतं. आणि यात तटस्थ राहणं म्हणजे विरोधातच मत, कारण हो म्हणणाऱ्यांची बेरीज तेवढी भरत नाही.

कौन्सिलच्या वेबसाइटवर याचा कॅल्क्युलेटर आहे, देश निवडून बेरीज करत बसता येतं, मी अख्खी संध्याकाळ घालवलीय त्यात.

म्हणून इथे एकटा नाही म्हणणारा हिरो होत नाही, तो फक्त हरतो. राजदूताचं खरं काम म्हणजे सोबती गोळा करणं, आणि ते सोबती विषयागणिक बदलतात. २०२० च्या जुलैमध्ये कोविडनंतरच्या मदतनिधीवर चार दिवस चार रात्री शिखर परिषद चालली तेव्हा ऑस्ट्रिया, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्वीडन हे चौघं, त्यांना काटकसरी चौघं म्हणायचे, एकत्र राहिले आणि अनुदानाचा आकडा ५०० अब्ज युरोंवरून ३९० अब्जांवर आणला, वर स्वतःच्या वर्गणीतली सूटही वाढवून घेतली. एकूण निधी ७५० अब्जांचाच राहिला, उरलेले ३६० अब्ज कर्जाऊ. बाहेर सगळे जिंकलो म्हणाले. ही तिथली रीतच आहे, प्रत्येक राजधानीला वेगळी हेडलाइन मिळेल असा निकाल लावायचा.

एकमताच्या विषयात मात्र एकटा देश गाडी थांबवू शकतो हे खरंय. बल्गेरियानं २०२० मध्ये इतिहास आणि भाषेच्या वादावरून नॉर्थ मॅसिडोनियाची सदस्यत्वाची बोलणी अडवली ती २०२२ पर्यंत. आणि १४ डिसेंबर २०२३ चा किस्सा तर बऱ्याच जणांनी वाचला असेल, युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायला हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांचा विरोध, शेवटी जर्मन चॅन्सेलर शोल्त्झ यांनी सुचवलं की तुम्ही जरा बाहेर कॉफी घेऊन या, ओर्बान बाहेर गेले आणि बाकी सव्वीस जणांनी निर्णय करून टाकला. एकमताला गैरहजेरी आडवी येत नाही. पण त्याच रात्री युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला त्यांनी नाही म्हटलं आणि ते खरंच अडलं, १ फेब्रुवारी २०२४ ला सुटलं. म्हणजे एका बैठकीत एकाच माणसानं व्हेटो गिळलाही आणि वापरलाही.

सगळ्यात टोकाचा हट्ट अर्थात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा. १९६५ च्या जुलैपासून फ्रान्सनं आपला पर्मरेप ब्रसेल्सहून परत बोलावला आणि सहा महिने खुर्ची रिकामी ठेवली. शेतीच्या पैशाचा वाद होता आणि पोटातलं कारण असं की पुढच्या वर्षापासून बहुमतानं निर्णय व्हायला लागणार होते. १९६६ च्या जानेवारीत लक्झेंबर्गला समझोता झाला, खरं तर 'आमचं पटत नाही एवढं आम्हाला पटलं' या धर्तीचा. पण या रुसव्यातही फ्रान्सची खालची काही माणसं ब्रसेल्समध्येच राहिली आणि लेखी कामकाज बघत होती हे मला फार आवडतं. नवरा-बायकोचं बोलणं बंद, पण दुधाचा हिशोब चालू.

प्रश्न : राजदूताला स्वतःचं काही मत असतं का? की राजधानीहून फोन आला की तसंच बोलायचं?

राजधानीहून इन्स्ट्रक्शन्स येतात आणि त्याप्रमाणेच बोलावं लागतं, पण त्या इन्स्ट्रक्शन्स लिहायला कोणी मदत केली ते विचारा. हुशार पर्मरेप आधीच कळवून ठेवतो की हा मुद्दा गेलाय, याच्यावर जीव काढू नका, त्यापेक्षा चौथ्या कलमात अजून जागा आहे तिथे मागा. म्हणजे वाटाघाटी दोन्हीकडे, समोर सव्वीस देश आणि पाठीमागे आपलंच मंत्रालय, आणि यातलं मागचं जास्त डोकेदुखीचं. जर्मन लोकांत यावर जुना विनोद आहे, जर्मनमध्ये कायमच्या प्रतिनिधीला जो शब्द आहे तो जरासा वाकवला की 'कायमचा गद्दार' होतो. बॉनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बसलेल्यांना वाटायचं आमचा माणूस ब्रसेल्सचाच होऊन गेला. थोडा होतोच तो. वर्षानुवर्षं त्याच सव्वीस चेहऱ्यांसमोर दर आठवड्याला बसायचं म्हटल्यावर आज फसवलं तर पुढच्या बुधवारी कोण विश्वास ठेवणार? त्याची पत हीच त्याच्या देशाची कमाई असते, हे राजधानीला पटवणं अवघड.

देशागणिक पद्धती मात्र फार वेगळ्या. डेन्मार्कमध्ये मंत्र्याला कौन्सिलला जायच्या आधी संसदेच्या युरोपविषयक समितीपुढे जाऊन मँडेट घ्यावं लागतं, ती समिती नाही म्हणाली तर विषय संपला. समोरच्यांना हे माहीत असतं, त्यामुळे 'माझी समिती ऐकणार नाही' हे डॅनिश माणसाचं हत्यारही असतं. हात बांधलेला माणूस सौद्यात कधी कधी जास्त मिळवतो. काही देश 'आमच्या संसदेची तपासणी बाकी आहे' असा राखीव शेरा मारून वेळ काढतात, अगदीच काही नाही तर भाषांतर नीट नाही असा शेरा.

जर्मनीचं उलट. आघाडी सरकारात दोन खात्यांचं पटलं नाही की ब्रसेल्समधल्या त्यांच्या माणसाला तटस्थ राहायला सांगतात, आणि हे इतक्यांदा झालंय की तटस्थ राहण्यालाच तिथे 'जर्मन व्होट' म्हणतात. पण २०२३ च्या मार्चमध्ये झालं ते त्याच्याही पुढचं होतं. २०३५ नंतर पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्या विकायच्या नाहीत असा कायदा, पार्लमेंटशी तडजोड झालेली, पार्लमेंटनं पासही केलेला, फक्त देशांची शेवटची औपचारिक मोहोर बाकी, आणि ऐनवेळी जर्मनीच्या वाहतूक मंत्र्यांनी ताणून धरलं की कृत्रिम इंधनावरच्या गाड्यांना वाट ठेवा. मतदान पुढे ढकललं गेलं, कमिशननं आश्वासन दिलं आणि २८ मार्चला कायदा झाला. जर्मनीला हवं ते बरंचसं मिळालं हे खरं, पण दिलेला शब्द शेवटच्या पायरीवर फिरवला म्हणून बाकीचे जे चिडले त्याचं बिल त्यांच्या राजदूतांनी पुढे कितीतरी बैठकांत भरलं असणार असं माझं मत.

आणि मग ऑस्ट्रिया, जून २०२४. निसर्ग पुनर्स्थापनेचा कायदा. काठावर अडकलेला, ६५ टक्के लोकसंख्या काही भरेना. ऑस्ट्रियाच्या पर्यावरण मंत्री लिओनोरे गेवेस्लर यांनी त्यांच्याच चॅन्सेलरच्या विरोधाला न जुमानता होकाराचं मत दिलं, आणि २० देश, ६६.०७ टक्के लोकसंख्या अशा आकड्यावर तो पास झाला. चॅन्सेलर ओरडत राहिले की हे ऑस्ट्रियाचं मतच नाही. पण युनियनच्या मूळ करारात लिहिलंय की आपल्या सरकारला बांधील करू शकेल असा मंत्रिपातळीचा प्रतिनिधी मत देतो, आणि खुर्चीत त्या बसल्या होत्या. आता सांगा राष्ट्रीय हित कुठलं, चॅन्सेलर म्हणतात ते की मंत्री म्हणतात ते? 'राष्ट्रीय हित' हा शब्द आपण एकवचनी वापरतो, तिथे तो क्वचितच तसा असतो.

बेल्जियमचं तर विचारूच नका. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाबरोबरचा व्यापार करार वॉलोनिया या त्यांच्या एका प्रांताच्या संसदेनं रोखून धरला, सत्तावीस देश तयार (तेव्हा ब्रिटन धरून अठ्ठावीस सदस्य होते), कॅनडा तयार, आणि बेल्जियमचं केंद्र सरकार हात वर करून उभं. प्रांताला हवे ते खुलासे जोडून मग ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या.

प्रश्न : माल्टा, लक्झेंबर्ग असल्या चिमुकल्या देशांचं कोण ऐकतं तिथे? खरं सांगा.

खरं सांगायचं तर सगळ्या विषयांवर कोणी ऐकत नाही, आणि त्यांनाही ते माहीत असतं. जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींवर, माल्टाची साडेपाच लाखांच्या आसपास. त्यामुळे ते सगळीकडे तोंड घालत नाहीत, दोनतीन विषय निवडतात आणि तिथे घट्ट राहतात. छोट्या देशाचा एकच अटॅशे चारपाच वर्किंग पार्ट्या सांभाळतो, एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत, त्यामुळे कुठे गप्प बसायचं हे त्याला मोठ्यांपेक्षा चांगलं कळतं.

छोट्यानं नीट खेळलं तर काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण आयर्लंड. २०१६ ला ब्रिटननं बाहेर पडायचं ठरवल्यावर आयर्लंडपुढे प्रश्न उत्तर आयर्लंडच्या सीमेचा होता, तिथे परत चौक्या बसल्या तर १९९८ च्या शांतता कराराला धोका. हा खरं तर दोन देशांमधला प्रश्न. पण आयरिश मुत्सद्द्यांनी एकेक राजधानी गाठून तो सगळ्यांचा प्रश्न करून टाकला, आणि एप्रिल २०१७ च्या शिखर परिषदेत युनियननं वाटाघाटींच्या ज्या मुख्य अटी ठरवल्या त्यात नागरिकांचे हक्क आणि पैशाचा हिशोब यांच्या जोडीला आयर्लंडची सीमा होती. वर हेही नोंदवून घेतलं की आयर्लंड कधी एक झालंच तर पूर्ण आयर्लंड युनियनमध्ये असेल. ब्रिटनला वाटत होतं मोठे देश शेवटी छोट्याला गप्प करतील, तसं काही झालं नाही. पन्नास लाखांच्या आसपास लोकांच्या देशानं सव्वीस देश आपल्या मागे उभे केले, तेही कुठला व्हेटो न वापरता.

सायप्रसची तऱ्हा वेगळी. २०२० च्या सप्टेंबरमध्ये बेलारूसवरचे निर्बंध त्यांनी अडवून धरले, बेलारूसशी वाकडं नव्हतं, पण तुर्कस्तानविरुद्ध युनियननं कडक भूमिका घ्यावी अशी मागणी होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तोडगा निघाला. असली गाठ मारणं वर्षातून एकदा चालतं, रोज केलं तर तुमच्या विषयावर कोणी फोन उचलत नाही.

आणि अध्यक्षपद आहेच. दर सहा महिन्यांनी कौन्सिलचं अध्यक्षपद फिरतं, लहान-मोठा भेद नाही. पण त्यात एक मेख अशी की अध्यक्षानं स्वतःचं घोडं दामटायचं नसतं, इतकं की त्या काळात त्या देशाचा एक माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत आणि दुसरा माणूस देशाच्या खुर्चीत बसतो. २०२४ च्या जुलैत हंगेरीकडे अध्यक्षपद आलं आणि पाचच दिवसांत ओर्बान मॉस्कोला पुतिन यांना भेटायला गेले, तर बऱ्याच देशांनी हंगेरीतल्या अनौपचारिक बैठकांना मंत्री न पाठवता अधिकारी पाठवले. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसती खालच्या दर्जाची हजेरी. मुत्सद्द्यांच्या भाषेत ती कानाखालीच असते.

काही छोटे प्रश्न एकत्र

*प्रत्येक देशाचा एक कमिशनर असतो, मग हित तोच बघत नाही का?* नाही, किमान कागदावर तरी नाही. त्याला स्वतंत्र राहायची शपथ असते, कुठल्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नसतात. प्रत्यक्षात आपल्या देशात काय खपेल आणि काय पेटेल हे तो सहकाऱ्यांना सांगतोच, पण त्याला आदेश देता येत नाही.

*युरोपियन पार्लमेंटचे खासदार?* ७२० जण, आणि ते देशाप्रमाणे नाही, पक्षगटाप्रमाणे बसतात. पर्मरेप ऑफिसातली काही माणसं मात्र त्यांच्या मागावर सतत असतातच.

*ज्या देशाला समुद्रच नाही तो मासेमारीच्या कोट्यावर मत देतो का?* देतो. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, सगळे. डिसेंबरात मासेमारी मंत्र्यांची बैठक रात्र रात्र चालते, किती टन कॉड कोणी पकडायचा यावर, तेव्हा हे लोक शांत बसलेले असतात. पण मत ते मत, त्याला किंमत असते, आज माशावर साथ दिली तर उद्या दुसऱ्या कशावर मागता येते.

*चोवीस भाषा आहेत म्हणे, मग बोलतात कुठल्या?* मंत्र्यांच्या पातळीवर दुभाष्यांची पूर्ण फौज, कोरेपरमध्ये इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, आणि कॉरिडॉरमध्ये बहुतेक इंग्रजी, तेही कोणा इंग्रजाचं नसलेलं.

प्रश्न : हे सगळं बंद दाराआड. निवडून न आलेले राजदूत कायदे ठरवतात आणि तुम्ही कौतुक करताय. लोकशाही कुठे गेली?

कौतुक थोडं झालं खरं, मान्य. तुमचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही.

युनियनच्या कारभाराचे नियम बदलणाऱ्या लिस्बन करारानंतर मंत्र्यांची सभा कायद्यावर चर्चा आणि मतदान करते तेव्हा ते उघड असतं, कॅमेरे असतात. पण मी वर सांगितलं तसं तोपर्यंत बरंचसं ठरलेलं असतं, आणि जिथे ठरतं ती वर्किंग पार्टी आणि कोरेपर बंदच. शेवटचा टप्पा म्हणजे पार्लमेंट, कौन्सिल, कमिशन तिघांची ट्रायलॉग नावाची बैठक, तीही बंद खोलीत. कुठल्या देशानं कुठलं कलम पातळ केलं हे सामान्य माणसाला शोधून काढणं फार अवघड जातं. आणि याचा सगळ्यात जास्त फायदा मंत्र्यांना होतो, ब्रसेल्समध्ये हो म्हणायचं आणि घरी येऊन 'ब्रसेल्सनं लादलं' म्हणायचं.

दार उघडलं तर काय होईल याचं मुत्सद्द्यांचं उत्तर ठरलेलं आहे, मग प्रत्येक जण आपल्या टीव्हीसाठी बोलेल आणि कोणीच मागे हटणार नाही. यात तथ्य आहे. पण ते सौदा चालू असतानापुरतं. सौदा झाल्यावर कोण काय बोललं होतं ते बाहेर यायला हरकत काय, याचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. डेन्मार्कची पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते, निदान जाण्याआधी घरच्यांना विचारून जातात.

प्रश्न : ब्रिटन बाहेर पडल्यावर त्यांच्या त्या ऑफिसचं काय झालं?

ऑफिस आहे, काम बदललं. आधी त्याला यूकेरेप म्हणायचे आणि अख्ख्या ब्रसेल्समध्ये त्याचा दबदबा होता, मसुदे आधी वाचून येणारे, दुरुस्त्या लिहूनच आणणारे म्हणून. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे पर्मरेप सर आयव्हन रॉजर्स यांनी तडकाफडकी राजीनामा दिला आणि जाताना सहकाऱ्यांना लिहिलं की सत्तेतल्यांना न आवडणारं खरं सांगत राहा. त्यांच्या जागी आलेल्या टिम बॅरो यांनी २९ मार्च २०१७ ला बाहेर पडण्याचं पत्र युरोपियन कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांच्या हातात दिलं.

एक सप्टेंबर २०१९ पासून, म्हणजे अजून सदस्य असतानाच, ब्रिटननं बहुतेक बैठकांना माणसं पाठवणं बंद केलं आणि जाहीर केलं की आमच्या मतामुळे बाकीच्यांचं काम अडणार नाही अशी व्यवस्था करू. ज्या खुर्चीच्या जोरावर सायप्रसनं पुढे युनियनला महिनाभर ताटकळत ठेवलं ती यांनी आपण होऊन रिकामी केली. ३१ जानेवारी २०२० नंतर पाटी बदलली, आता ते ब्रिटनचं मिशन आहे, युनियनबाहेरच्या कुठल्याही देशाचं असतं तसं. नॉर्वेचं असं मिशन आधीपासूनच आहे. नॉर्वे सदस्य नाही पण युनियनच्या सामायिक बाजारात आहे, त्यामुळे बाजाराचे नियम पाळावे लागतात आणि ठरवताना मत नसतं. तिथले लोक याला फॅक्सवरची लोकशाही म्हणायचे, नियम ब्रसेल्सहून फॅक्सनं यायचे म्हणून.

ब्रिटिश मुत्सद्दी आजही त्याच भागात फिरतात, त्याच लोकांबरोबर कॉफी घेतात. फक्त बैठक सुरू व्हायची वेळ झाली की बाकीचे आत जातात आणि हे बाहेर थांबून कोणाचा तरी मेसेज यायची वाट बघतात.